विचारायला आलात, आता सांगायलाही या

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

घरात भाकरी थापत, शेतात खुरपणी करत, शिलाई मशीनवर बसून किंवा बाळाला मांडीवर घेऊन आमचं बोलणं ऐकणाऱ्या सगळ्यांना आमच्या आरोग्य गटाचा नमस्कार.

आजचा विषय आधी ऐकायला जरा कोरडा वाटेल. सार्वजनिक आरोग्याचं संशोधन आणि त्यात लोकांचा सहभाग. संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि मोठ्या शहरातली मोठी इमारत येते. पण आरोग्याचं संशोधन त्या इमारतीत सुरू होत नाही. ते सुरू होतं आपल्या दारात.

आठवून पाहा. कोणीतरी येतं. हातात फॉर्म असतो, हल्ली टॅब असतो. घरात माणसं किती, चूल की गॅस, संडास आहे का, पाळी किती दिवसांनी येते, मुलं किती झाली, त्यातली गेली किती. मग बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात, दंडाला पट्टा बांधतात, वजन करतात. आपण सगळं सांगतो, कारण दारात आलेल्या माणसाला परत पाठवायची आपली रीत नाही. वर चहाही करतो. मग ती माणसं निघून जातात. बऱ्याचदा गोष्ट तिथंच संपते. आपल्या थेंबातून काय कळलं, ते सांगायला कोणी परत येत नाही.

तो थेंब मात्र फुकट गेलेला नसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून कळलं, की देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा ५४ आहे. असे आकडे बायांच्या बोटांतूनच येतात. त्या आकड्यांवर सरकार गोळ्या किती घ्यायच्या, पैसा कुठं लावायचा हे ठरवतं. म्हणजे धान्य आपलं, दळण आपलं, पण पीठ कुठं गेलं हे आपल्याला माहीत नाही, असं चाललंय. आज आम्हाला बोलायचंय ते याबद्दल. आरोग्याचा अभ्यास लोकांवर करायचा की लोकांना सोबत घेऊन करायचा? सोबत घेतलं तर काय होतं, आणि घेतलं नाही तर काय होतं?

यासाठी आपण आधी गडचिरोलीला जाऊ.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दोघांची नावं तुम्ही ऐकली असतील. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परत आले आणि १९८६ साली गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सुरुवातीच्या काळात त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. आजार खरा होता, जिल्ह्यातल्या लोकांमध्ये होताही. पण लोकांना त्यात फारसा रस वाटला नाही. हा प्रश्न लोकांनी मांडलेला नव्हता, तो डॉक्टरांच्या मनातला होता, हे बंग दांपत्यानं पुढे मोकळेपणानं सांगितलेलं आहे. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. आजार खरा असला, डॉक्टर प्रामाणिक असले, तरी लोकांना न विचारता निवडलेला प्रश्न लोकांचा होत नाही.

मग त्यांनी ऐकायला सुरुवात केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे बाया यायच्या, सुईणी यायच्या. बोलता बोलता कळायला लागलं, की अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, कंबरदुखी, ओटीपोटात दुखणं हे घरोघरी आहे आणि बाया ते मुकाट सोसतायत. त्या काळात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे दोनच गोष्टी धरल्या जायच्या. एक बाळंतपण आणि दुसरी नसबंदी. मधल्या साऱ्या आयुष्यात बाईला काही होतं, हे कोणाच्या हिशेबातच नव्हतं.

म्हणून दोन गावांत अभ्यास झाला. ६५० बायांची तपासणी झाली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात काय निघालं ते नीट ऐका. १०० पैकी ९२ बायांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकेकीला तीनाहून जास्त आजार होते. आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया किती? १०० पैकी फक्त ८.

त्यातला आणखी एक आकडा आम्हाला विचार करायला लावतो. या बायांना आधी विचारलं होतं, तुम्हाला काही त्रास आहे का? तेव्हा १०० पैकी ५५ जणींनी हो म्हटलं. ४५ जणी म्हणाल्या, काही नाही. तपासलं तर आजार ९२ जणींना. म्हणजे ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांतल्याही बहुतेक जणी आजारी होत्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. बाईच्या जातीला हे चालायचंच, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. जे सोसायचंच आहे, त्याला आपण आजार म्हणत नाही.

इथं भाषेचाही मुद्दा येतो. फॉर्मवर ‘श्वेतप्रदर’ लिहिलेलं असेल आणि कोणी विचारलं, ‘तुम्हाला श्वेतप्रदर आहे का?’ तर आपल्यातल्या किती जणी हो म्हणतील? ‘अंगावरून जातं का गं?’ असं विचारलं तर दहाजणी बोलायला लागतील. तेही दारात सासरे बसलेले नसतील तर. राणीताईंनी बायांचे शब्द, त्यांच्या समजुती, शरीराबद्दल त्या आपसात काय बोलतात हे सगळं वर्षानुवर्षं ऐकलं आणि पुढे ‘कानोसा’ नावाचं पुस्तक लिहिलं. बायांच्या बोलण्याला कान देणं हीसुद्धा संशोधनाची पद्धत आहे, हे त्यातून कळतं.

आता दुसरी गोष्ट, त्याच गडचिरोलीतली, बाळांची.

जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात बाळं जायची. त्या काळात त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ६२ बाळं महिन्याच्या आत दगावत होती. हे थांबवायचं कसं? त्या वेळचे मोठमोठे तज्ज्ञ म्हणायचे, नवजात बाळाला वाचवायला दवाखाना पाहिजे, काचपेटी पाहिजे, बालरोगतज्ज्ञ पाहिजे. खेड्यात यातलं काहीच नव्हतं. आणि आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. बाळंतीण खोलीच्या बाहेर पडत नाही, बाळाला बाहेर काढत नाहीत, परक्या माणसाला आत येऊ देत नाहीत. मग डॉक्टर तिथं पोचणार कसा?

पोचू शकत होती ती गावातलीच बाई. म्हणून गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायांना शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाचं वजन करायचं, अंग गरम ठेवायचं, श्वास मोजायचा, दूध ओढतं का पाहायचं, जंतुदोषाची खूण दिसली तर औषध द्यायचं, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. ३९ गावांत हे काम झालं आणि ४७ गावं तुलनेसाठी घेतली. १९९९ साली निकाल छापून आला. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या ३९ गावांत हजारामागे ६२ वरून मृत्यू २५-२६ वर आले होते. तुलनेच्या गावांत ते ६०च्या आसपासच राहिले.

हा निकाल कोणी काढला? डॉक्टरांनी, हे खरंच. अभ्यासाची आखणी त्यांची, शास्त्र त्यांचं, आकडेमोड त्यांची. पण बाळाजवळ बसून रात्री-अपरात्री श्वास मोजला तो गावातल्या बाईनं. बाळ जन्मलं की कळवणारी गावातलीच. बाळ गेलं तर त्या घरात जाऊन, ओट्यावर बसून, आईला बोलतं करणारीही गावातलीच. तिच्याशिवाय तो अभ्यास झालाच नसता.

त्याच्याही आधी मुलांच्या न्यूमोनियावर काम झालं होतं. त्यात सुईणींनाही शिकवलं. पण बऱ्याच सुईणींना ५०-६० पर्यंत मोजता येत नव्हतं, आणि न्यूमोनिया ओळखायला तर एका मिनिटात बाळाचे श्वास किती हे मोजावं लागतं. मग काय, सुईणी नालायक ठरवायच्या? तसं केलं नाही. एक साधं साधन तयार केलं. त्यात एक मिनिटाची वाळू आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं. मैत्रिणींनो, सहभाग म्हणजे काय ते या मण्यांत आहे. माणसाला शास्त्रात बसवण्यासाठी तासायचं नाही, शास्त्राचं हत्यार माणसाच्या हाताला बसेल असं करायचं.

पुढे देशात आशाताई आल्या, आणि २०११ साली घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम सरकारनं देशभर सुरू केला. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आपली आशाताई बाळाला पाहायला घरी सहा वेळा येते, ४२ व्या दिवसापर्यंत. ती वजनकाटा काढते, ताप पाहते, तेव्हा आपल्याला वाटतं सरकारी काम आहे. त्याची मुळं गडचिरोलीतल्या त्या बायांपर्यंत जातात. आशाताईला दारातून परत पाठवू नका, हे जाता जाता सांगून ठेवतो.

लोकांना विचारलं की कधी कधी डॉक्टरांनी न मागितलेलं उत्तरही मिळतं. गडचिरोलीत बायांना आरोग्याबद्दल बोलतं केलं, तर त्यांनी दारूचा विषय काढला. नवरा पितो, मारतो, मजुरी दारूत जाते, मुलं उपाशी राहतात. कागदावर याला आरोग्याचा प्रश्न म्हटलेलं नव्हतं. बायांनी म्हटलं. त्यातून जिल्ह्याचं आंदोलन उभं राहिलं आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. आदिवासी लोकांना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? ते म्हणाले, तिथं आमच्या सोबतच्या माणसांना राहायला जागा नसते, तिथल्या मोठ्या इमारतींची भीती वाटते, तिथं आमचा देव नाही. म्हणून झोपड्यांसारख्या घरांचा दवाखाना बांधला, नातेवाइकांना राहायची सोय केली आणि दवाखान्याला देवीचं नाव दिलं, मा दंतेश्वरी दवाखाना.

आता आपल्या जवळचं उदाहरण. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं.

बीडमधल्या बायांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली जातायत, हे २०१९ साली राज्यभर गाजलं. पत्रकारांनी लिहिलं, महिला संघटनांनी आवाज उठवला, विधिमंडळात चर्चा झाली. सरकारनं समिती नेमली. पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची माहिती घेतली, तर १३ हजारांहून जास्त बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहा बायांमागे एक. त्यांत तिशी-चाळिशीच्या आतल्या कितीतरी.

आता कल्पना करा, तुम्हाला या विषयावर फॉर्म तयार करायचाय. शहरात बसून तयार केला, तर काय विचाराल? वय किती, मुलं किती, त्रास काय होता, डॉक्टर काय म्हणाले. उत्तर येईल की अंगावरून जास्त जात होतं, कॅन्सर होईल म्हणून डॉक्टरांनी भीती घातली. हे खरंच आहे. पण फॉर्म करताना एखादी ऊसतोड बाई शेजारी बसली असती, तर ती म्हणाली असती, ‘अहो, खाड्याचं विचारा की!’

खाडा म्हणजे काय, हे कोयत्यावर गेलेल्यांना सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे दंड. फडात संडास नाही, पाळीच्या दिवसात कापड बदलायला आडोसा नाही, पाणी नाही. पोटात दुखलं तरी मोळी उचलायचीच. मग गावी परतल्यावर खासगी दवाखान्यातला कोणी म्हणाला की पिशवी काढून टाक, तर बाईला त्यात सुटका दिसते. या बाईचा आजार गर्भाशयात आहे, तसाच तो खाड्यात आहे, उचलीत आहे, आडोसा नसलेल्या फडात आहे. फॉर्मवर खाड्याचा रकाना नसेल, तर अभ्यासातून एवढंच निघेल की बायांना माहिती कमी होती. मग उपाय काय निघेल? बायांना माहिती द्या. खाड्याचा रकाना असेल, तर उपायात मुकादम येईल, कारखाना येईल, फडातला संडास येईल. रकाना कोणता ठेवायचा, हे ठरवण्यातच अर्धं उत्तर ठरून जातं. म्हणून म्हणतो, माहिती द्यायला आपण असतोच, प्रश्न तयार करतानाही आपण असायला हवं.

लोकांना विचारलं नाही तर काय होतं, तेही सांगायला पाहिजे.

२००९ साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात, तो भाग आता तेलंगणात आहे, आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस देण्याचा अभ्यासाचा प्रकल्प झाला. खम्ममध्ये बऱ्याच मुली आश्रमशाळा-वसतिगृहातल्या, गरीब आदिवासी घरांतल्या. पुढे चौकशीत निघालं, की कित्येक संमतिपत्रांवर सही आईबापांची नव्हती, वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकांची होती. त्या काळात काही मुली दगावल्या. त्यांचे मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही, ती कारणं वेगळी होती. पण लोकांचा विश्वास उडायचा तो उडालाच. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले.

इथं आम्ही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ती लस चांगली आहे, जगभर मुलींना दिली जाते, आणि या कॅन्सरपासून वाचवते. कोणी ऐकीव गोष्टींवरून घाबरू नका. पण चांगली गोष्टसुद्धा आईबापांना न विचारता मुलीच्या दंडात टोचली, की पुढे कित्येक वर्षं लोक चांगल्याकडेही संशयानं पाहतात. त्याचं नुकसान शेवटी आपल्याच लेकींचं होतं.

याच कॅन्सरवरचा एक मोठा अभ्यास आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालाय. ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बाया त्यात होत्या. गावांचे चार गट केले. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतीनं तपासणी झाली, चौथ्या गटात तपासणी केली नाही, तुलनेसाठी ठेवला. २००९ साली निकाल आला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात ३४ बाया या कॅन्सरनं गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. एका तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे साऱ्या जगाला आपल्या मराठवाड्यातल्या बायांमुळे कळलं. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या चौथ्या गटाबद्दल पुढे डॉक्टरांमध्येच मोठा वाद झाला, की असा गट ठेवणं बरोबर होतं का? तज्ज्ञांची दोन्ही बाजूंनी मतं आहेत. आम्ही डॉक्टर नाही. आम्हाला एवढंच वाटतं, की अशी आखणी होते त्या बैठकीत त्या गावांतल्या चार बाया बसवल्या, तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असेल. ‘आमची पाळी कधी येणार?’ हा प्रश्न आखणी करतानाच आला, की त्याचं उत्तरही आखणीतच लिहावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, लोकांना विचारायचं म्हणजे लोक म्हणतील ते सगळं खरं धरायचं का? तसं नाही. बाळ निळं पडलं तर आपल्याकडे बाहेरचं झालं म्हणणारेही आहेत. आजार का झाला, कोणतं औषध चालतं, हे तपासायला शास्त्र लागतं, मोजमाप लागतं, तुलनेची गावं लागतात. पण घरात काय घडतं, कोण काय लपवतं, बाई दवाखान्यापर्यंत का पोचत नाही, कोणता त्रास रोज छळतो, हे आपल्याइतकं कोणालाच माहीत नाही. त्यांचं मोजमाप आणि आपली माहिती, दोन्ही लागतं.

दुसरीही एक अडचण असते. गावाला विचारलं म्हणजे कोणाला विचारलं? बऱ्याचदा सरपंचाला, पाटलाला, नाही तर चौकात बसलेल्या चार पुरुषांना. सकाळी ११ वाजता पाहणी आली, तर रोजंदारीवरच्या बाया शेतात असतात. घरी भेटते ती सासू, आणि सुनेच्या पाळीबद्दलचं उत्तरही सासूच देते. वस्तीवरच्या, तांड्यावरच्या, पारध्याच्या पालातल्या बायांपर्यंत कोणी पोचत नाही. विधवा, टाकलेल्या बायांना कोणी बोलावत नाही. खरा सहभाग हवा असेल, तर संध्याकाळी यावं लागेल, वस्तीवर यावं लागेल, आणि बाईला दिवसभर बैठकीला बसवायचं असेल तर तिची बुडालेली मजुरीही द्यावी लागेल. अभ्यास करणाऱ्यांना पगार असतो. आपला दिवसही फुकटचा नसतो.

मग आपण करायचं काय? उद्या कोणी फॉर्म घेऊन आलं, तर दार लावून घ्यायचं नाही. आत बोलवायचं, पाणी द्यायचं आणि आपणही विचारायचं. काय विचारायचं ते सांगतो. लिहून घेता आलं तर घ्या, नाही तर मुलीला लिहायला सांगा.

पहिलं. ताई, तुम्ही कुठून आलात, आणि हे काम कशाचं आहे? नेहमीची सरकारी नोंद आहे, की संशोधन आहे? दोन्हीत फरक आहे. संशोधन असेल तर त्यात भाग घ्यायचा की नाही, हे आपल्या मर्जीवर असतं.

दुसरं. यातून तुम्हाला काय शोधायचंय? आम्हाला कळेल अशा भाषेत सांगा.

तिसरं. रक्त घेणार असाल तर किती, कशासाठी? त्याच रक्तावर पुढे आणखी काही तपासणार का? गोळी किंवा लस देणार असाल, तर त्यानं काय त्रास होऊ शकतो, आणि झाला तर खर्च कोण करणार?

चौथं. माझं नाव, माझी उत्तरं कोणाला कळणार? गावात, घरात कळणार नाहीत ना?

पाचवं. मी नाही म्हटलं, किंवा मध्येच सोडलं, तर माझं रेशन, माझी योजना, माझा दवाखाना बंद होईल का? याचं उत्तर ‘नाही’ हेच असलं पाहिजे. कोणी ‘होईल’ म्हणालं, तर तिथंच थांबा.

सहावं. ज्या कागदावर माझी सही किंवा अंगठा घेताय, त्याची एक प्रत मला द्या. लिहिता-वाचता येत नसेल, तर कागद वाचून दाखवताना आपल्या विश्वासाचा एक साक्षीदार जवळ बसवा.

आणि सातवं, सगळ्यात महत्त्वाचं. निकाल सांगायला परत कधी येणार?

हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. तो आपला हक्क आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ सालची नियमावली आहे, तिच्यात लोकांची समजून-उमजून दिलेली संमती आणि समाजाचा सहभाग या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत. माणसांवर होणाऱ्या अभ्यासाला आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. त्या समितीत डॉक्टरांबरोबर एक सामान्य नागरिकही असावा लागतो. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे तर अशा समितीत किमान सात सभासद हवेत, आणि त्यात निदान एक बाई हवीच. संमतीच्या कागदावर समितीशी संपर्क कसा करायचा ते दिलेलं असतं. तक्रार असेल तर तिथं करता येते.

हे झालं एकेकटीनं करायचं. गावानं मिळून करायचंही आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. नाव लांबलचक आहे, पण ती आपलीच आहे. तिच्यात निम्म्या तरी बाया असाव्यात असं धोरण आहे, आणि आशाताई तिच्यात काम करतात. गावात कोणताही अभ्यास येणार असेल, तर आधी या समितीत बोलणं व्हावं. समितीनं कागदावर तीन गोष्टी मागाव्यात. प्रश्नावली आधी आमच्या बायांना दाखवा. तपासणीत कोणाला आजार निघाला तर उपचार कुठं मिळणार ते आधी ठरवा. आणि अभ्यास संपल्यावर ग्रामसभेत किंवा महिला सभेत येऊन निकाल सांगा. आकडे वाईट निघाले तरी सांगा. शंभरात चोपन्न बायांच्या अंगात रक्त कमी हे दिल्लीला कळतं. आपल्या गावातल्या किती जणींच्या, हे आपल्या गावाला कळलं, तर आपण शेवग्याचा पाला, गोळ्या, अंगणवाडीचा आहार आणि सर्वांत शेवटी जेवणारी सून, या सगळ्यावर बोलायला लागू.

आणि मैत्रिणींनो, प्रश्न विचारायला कोणी येईल याची वाट तरी का पाहायची? आपला बचत गट दर महिन्याला बसतो. हिशेबाची वही असतेच. तिच्यातच एक पान आरोग्याचं घाला. या वर्षी गावात किती बाळंतपणं झाली, किती घरी, किती दवाखान्यात, गाडी वेळेवर आली का, किती जणींची पिशवी काढली, कोणत्या दवाखान्यात, किती वयाला. नावं लिहू नका, नुसते आकडे लिहा. वर्षभर नीट लिहिलं, तर पुढच्या वेळी फॉर्म घेऊन येणाऱ्या माणसाला आपण सांगू शकू, ‘बसा ताई. आमच्याकडे आधीच काही लिहिलेलं आहे. तुमचं विचारून झालं की आमचंही पाहून जा.’

तुमच्या गावात असा अभ्यास झाला असेल, कोणी निकाल सांगायला परत आलं असेल किंवा आलं नसेल, तर आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात आपण तुमच्या अनुभवांवर बोलू. तोवर अंगावरचं दुखणं अंगावर काढू नका, आणि विचारायला लाजू नका.

नमस्कार.